छोट्या लूथरन मंडळीत वर्षभराची गीते कशी बसवावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीच्या बाजूची पन्नासेक माणसांची मराठी लूथरन मंडळी. एक पेटी, एक ढोलकी आणि तरुण संघाने घेतलेला कीबोर्ड. पाळक महिन्यातून दोन रविवार येतात, बाकीचे रविवार मंडळीच चालवते. गीते शनिवारी रात्री ठरतात, म्हणून तीच दहा-बारा फिरून फिरून येतात. वडीलधाऱ्यांना 'उपासना संगीत' या जुन्या गीतपुस्तकातलीच हवीत, मुलांना नवी. येत्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपासून, घडी बसवायची आहे, तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात वाचनांपासून करा. गीतांचे पुस्तक सगळ्यात शेवटी उघडायचे. पुस्तक आधी उघडले की हात आपोआप ओळखीच्या पानांवर जातो, आणि 'नाताळची', 'दुःखसहनाची', 'स्तुतीची' अशा ढोबळ कप्प्यांतून काहीतरी उचलले जाते. त्या दिवशीचे शुभवर्तमान काय सांगते याच्याशी त्याचा संबंध आला तर योगायोगानेच.

लूथरन उपासनेत एक जागा अशी आहे जिच्याभोवती बाकीचे सगळे रचायचे असते: शुभवर्तमानाचे वाचन आणि उपदेश यांच्या लगत येणारे गीत. याला दिवसाचे गीत म्हणूया. ते उपदेशाआधी घ्यायचे की नंतर, हे मंडळीमंडळीत वेगळे असते, दोन्ही चालते. १५२४ साली न्यूरेंबर्गला आठ गीतांची पहिली पुस्तिका निघाली, त्यांतली चार मार्टिन लूथरची होती. दोन वर्षांनी त्याने लोकभाषेतली उपासनापद्धती छापली आणि तिच्यात मंडळीच्या गाण्याला ठरावीक जागा दिली. हेतू हा, की वचन पाळकाच्या तोंडून ऐकल्यावर मंडळीने तेच स्वतःच्या तोंडाने सांगावे. पाळक नसलेल्या रविवारी तर या गीताची किंमत दुप्पट होते, कारण लिहून आणलेला उपदेश कोणी कसाही वाचो, गीत नीट निवडलेले असले तर दिवसाचा मुद्दा लोकांच्या तोंडी घरापर्यंत जातो.

आता वर्ष कोणते ते काढा. तीन वर्षांच्या वाचनक्रमात (कोणत्या रविवारी काय वाचायचे त्याची ठरलेली यादी) मत्तय, मार्क आणि लूक या शुभवर्तमानांची एकेक पाळी येते. आगमनकाळ ज्या सालात सुरू होतो त्या सालाला ३ने भागा: पूर्ण भाग गेला तर मत्तय, बाकी १ राहिली तर मार्क, २ राहिली तर लूक. २०२६ची बाकी १, म्हणून २९ नोव्हेंबर २०२६पासून मार्क. योहानाची वाचने तिन्ही वर्षांत, मुख्यतः लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आणि ईस्टरच्या दिवसांत येतात. काही मंडळ्या जुना एकवर्षीय क्रम पाळतात. तुमच्या पाळकांना आधी विचारा. दोन्ही क्रमांची सरमिसळ झाली की उपदेश एकीकडे, गीत दुसरीकडे असे होते.

एक रविवार करून दाखवतो. २९ नोव्हेंबर २०२६, आगमनाचा पहिला. वाचने यशया ६४:१-९, स्तोत्र ८०, १ करिंथ १:३-९ आणि मार्क १३:२४-३७. मार्कचा गाभा आहे 'जागृत राहा, घरधनी केव्हा येईल ते ठाऊक नाही'. म्हणजे दिवसाचे गीत प्रभूच्या येण्याचे आणि जागे राहण्याचे हवे. परंपरेने या दिवशी लूथरचे 'नून कोम, डेअर हायडेन हायलांड' असते. हे प्राचीन बिशप अँब्रोसच्या लॅटिन गीतावरून त्याने १५२४मध्ये केले. तुमच्या पुस्तकात ते नसेल तर येण्याविषयीचे कुठलेही सकस मराठी पद घ्या, पण त्यात 'येणारा' आणि 'जागे राहा' यांतली निदान एक गोष्ट स्पष्ट शब्दांत असू दे. हे ठरले की प्रभुभोजनाची दोन गीते, मग प्रवेशगीत, मग समाप्तीचे. स्तोत्र ८०चे पालुपद 'आम्हाला पुन्हा वळव, आपला मुखप्रकाश पाड' अशा आशयाचे आहे. ते एका साध्या दोन ओळींच्या चालीवर मंडळीने म्हणावे आणि मधली कडवी एकाने वाचावीत. प्रवेशगीताला फार डोके चालवू नका. लोक अजून चपला काढत असतात. सगळ्यांना पाठ असलेले, ठेका पक्का असलेले काहीही चालते.

आगमनकाळात नेहमी एकच घोळ होतो: नाताळ आत घुसतो. पहिल्या रविवारी जगाचा शेवट, दुसऱ्या-तिसऱ्याला बाप्तिस्मा करणारा योहान आणि चौथ्यालाच कुठे मरीया किंवा योसेफ, असा वाचनांचा क्रम आहे. मार्कच्या वर्षी चौथ्या रविवारी गब्रीएल मरीयेकडे येतो, तेव्हा तिचे गीत, लूक १:४६-५५, चालीवर म्हणा. गोठा आणि मेंढपाळ २४च्या संध्याकाळपर्यंत थांबू शकतात. पण आपल्याकडे घरोघरी गाणी म्हणत फिरणे डिसेंबरच्या मध्यापासूनच सुरू होते आणि ते थांबवायला जाऊ नये. वाटून घ्या: अंगणात नाताळची गाणी, वेदीपुढे आगमनाची. पंचवीस तारखेपर्यंत सगळी गाणी संपवली की पुढचा रविवार कोरडा जातो. आणि नेमके त्याच रविवारी मुंबईचे चाकरमानी अजून गावात असतात, मंडळी भरलेली असते. नाताळ बारा दिवसांचा आहे, ५ जानेवारीपर्यंत. २७ डिसेंबर २०२६ला लूक २:२२-४० आहे, मंदिरातला म्हातारा शिमोन. त्याचे गीत लूथरन पद्धतीत प्रभुभोजनानंतर एरवीही म्हणतात. त्या रविवारी ते नुसते वाचून टाकू नका, गा.

चाकरमान्यांच्या रविवारी नवी चाल कधीही काढायची नाही. डिसेंबरअखेर आणि मे महिना, दोन्ही वेळा. ते लोक लहानपणची गीते म्हणायला आलेले असतात, आणि त्यांचे आवाज जोरकस असतात. अनोळखी चाल लावली की निम्मा सभामंडप गप्प बसतो आणि उरलेला निम्मा चुकीचे गातो. नवे शिकवायचे ते जानेवारीअखेर, जुलैत किंवा सप्टेंबरात, घरचीच माणसे असताना.

प्रकटीकरणाच्या काळाची, म्हणजे ६ जानेवारीपासून लेंटपर्यंतच्या दिवसांची, लांबी दरवर्षी बदलते, कारण ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही पडतो. २०२७मध्ये ईस्टर २८ मार्चला, म्हणून लेंट सुरू करणारा राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि त्याआधी अवघे पाच रविवार. शेवटचा, ७ फेब्रुवारीचा, येशूच्या रूपांतराचा. या रविवारी हालेलुया शेवटचा म्हणायचा आणि मग ईस्टरच्या पहाटेपर्यंत तोंडातून काढायचा नाही. शुभवर्तमानाआधीची हालेलुयाची ओळ तर गळतेच, पण खरी फसगत समाप्तीगीतात होते: पालुपदात कुठेतरी हालेलुया लपलेला असतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. लेंटच्या सगळ्या गीतांची कडवी आधी डोळ्यांखालून घाला. 'परम उंचावर देवाला गौरव' हे गीतही या दिवसांत आणि आगमनकाळात गाळतात. गाळले की जागा मोकळी सोडा. तिथे दुसरे स्तुतिगीत भरले तर गाळण्याला अर्थ राहत नाही.

लेंटसाठी लूथरची एक चाल अशी आहे जी मराठी कानाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. स्तोत्र १३०वरचे 'आउस टीफर नोट'. ही चाल युरोपात ज्याला फ्रिजियन म्हणतात त्या स्वरांत आहे, आणि ते स्वर म्हणजे आपला भैरवी थाट: रे, ग, ध, नि कोमल. पहिली ओळ आठ स्वरांची: प सा प ध, प ग म प. पंचमावरून एकदम खाली षड्जावर उडी आणि लगेच परत वर. 'खोल गर्तेतून' हा अर्थ त्या उडीतच आहे. पेटीवर सा काळी दोन किंवा पांढरी दोन (सप्तकातली दुसरी काळी किंवा दुसरी पांढरी पट्टी) धरा. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, पेटीवाला सवयीने शुद्ध रे लावतो, कारण गायकी भैरवीत बाराही स्वर चालतात. या चालीत चालत नाहीत, तो एक स्वर लागला की गीत ठुमरीकडे झुकते. दुसरी, पंचमाला लोंबकळत राहून उडी मींड घेऊन, घसरत मारली जाते. उडी सरळ मारायची. ढोलकी बाजूला ठेवा. नुसता सा-प धरून ठेवला तरी पुरे.

असेच इतर जुन्या चालींचेही आहे. ईस्टरचे 'क्रीस्ट लाग इन टोडेसबांडेन' काफीच्या स्वरांत बसते: प म प नि सां नि ध प, नि कोमल. नाताळचे 'गेलोबेट झायस्ट डू' खमाजाच्या अंगाचे. 'फोम हिमेल होख' आणि स्तोत्र ४६वरचे 'आइन फेस्टे बुर्ग' सरळ बिलावलात. पेटीवाल्याला स्वरलेखन वाचता येत नसले तरी थाट सांगितला की त्याचे अर्धे काम होते. मात्र काफीच्या त्या चालीत कीबोर्ड आणि पेटी यांचे एकमत आधी करून घ्या. जर्मन संगीतकार बाखने या गीतावर कांटाटा (गायन-वादनाची मोठी रचना) रचला आहे. त्यावरून किंवा त्याच्या इतर छापील मांडण्यांवरून वाजवणारा मुलगा दुसरा स्वर तीव्र म घेतो, पेटीवाला शुद्ध. दोन्ही बरोबर, पण एकाच वेळी नाही.

झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, रविवारी आपल्याकडे सामानाची ददात नाही, माड दारातच आहेत. अडचण मिरवणुकीच्या गाण्याची असते. पुढची मुले दारात पोचतात तेव्हा मागची माणसे फाटकाशी असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीस-पस्तीस मीटरच्या रांगेत दोन टोकांमध्ये सेकंदाचा दहावा भाग फरक पडतो. शिवाय प्रत्येकाचे चालणे वेगळे. तिसऱ्या कडव्यापर्यंत दोन वेगळी गाणी ऐकू येतात. उपाय: कडव्यांचे गीत घेऊच नका. एक ओळ पुढाऱ्याने म्हणायची, 'होसान्ना'ची ओळ सगळ्यांनी. ढोलकी आणि झांज पुढे नको, रांगेच्या मधोमध. पेटी आतच राहू दे. सगळे आत आल्यावर तिने पट्टी धरावी, तोवर लोक निम्मा-एक स्वर वर किंवा खाली सरकलेले असतात. म्हणून आतल्या गीतापूर्वी चार-पाच सेकंद पूर्ण थांबा आणि मग नव्याने सूर द्या. सरकलेल्या आवाजावर पेटी चढवली की जे होते ते ऐकवत नाही. आणि त्याच उपासनेत पुढे दुःखसहनाचे दीर्घ वाचन आहे, म्हणून तिथून पुढचे सगळे शांत घ्या.

उत्तम शुक्रवारी वाद्ये नकोत, किंवा फक्त सूर धरायला पेटी. जर्मन गीतकार पावल गेरहार्ड्टचे १६५६चे काटेरी मुकुटाचे गीत या दिवसाचे मानले जाते. चाल हान्स लिओ हास्लरची, १६०१ची, आणि मुळात ती प्रेमगीताची होती. हे सांगण्याचे कारण, 'ही चाल बाहेरची आहे' म्हणून दरवर्षी कुठेतरी वाद होतोच. चाल कुठून आली यापेक्षा ती आज ऐकणाऱ्याच्या डोक्यात कोणते शब्द जागे करते ते बघा. शंभर वर्षांपूर्वीची नाट्यपदाची चाल आता कोणाला नाटकाची आठवण करून देत नाही. गेल्या दहा वर्षांतल्या सिनेमाची देते. तेवढा फरक पुरेसा आहे.

ईस्टर पन्नास दिवसांचा असतो आणि ही गोष्ट बहुतेक मंडळ्या विसरतात. पहाटेच्या उपासनेत सगळे उधळून टाकतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा ते नेहमीचे दहा-बारा. सात रविवारांना पुनरुत्थानाची गीते पुरवायची असतील तर निदान सात-आठ हाताशी हवीत आणि त्यांपैकी एक सातही रविवार कायम ठेवावे, शुभवर्तमानाआधी किंवा समाप्तीला. २०२७मध्ये स्वर्गारोहण ६ मे, पेंटेकॉस्ट १६ मे आणि त्रैक्य रविवार २३ मे. म्हणजे आंब्याच्या दिवसांतली सगळी गर्दी नेमकी याच सणांना येते. पेंटेकॉस्टसाठी पवित्र आत्म्याची दोन गीते एप्रिलमध्येच घोटून ठेवा. एरवी हा सण सुट्टीत वाहून जातो, त्या वर्षी संधी आहे.

मग पाऊस, आणि वेदीवर हिरवा रंग असणारे वीस-पंचवीस रविवार. नियोजन खरे कोलमडते ते इथे. सण नाहीत, शाळा सुरू, रविवारी सकाळी धो-धो. पत्र्याच्या छपरावर सर आली की पहिल्या रांगेचा आवाज तिसऱ्या रांगेला ऐकू येत नाही. जून-जुलैसाठी गीते निवडताना हे धरूनच निवडा: चाल ठसठशीत, कडवी तीन-चारच, पालुपद प्रत्येक कडव्यानंतर. लांब ओळींची, मध्येच थांबे असलेली, हळुवार पदे सप्टेंबरपर्यंत बाजूला ठेवा. वीज जाणार हे गृहीत धरा, म्हणजे त्या दोन महिन्यांत कीबोर्डवर अवलंबून असलेले एकही गीत यादीत नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रावरची मासेमारी बंद असते. मंडळीत दर्यावर जाणारी घरे असतील तर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी स्तोत्र १०७ घ्या, २३व्या वचनापासून जहाजांतून समुद्रावर जाणाऱ्यांचे आणि वादळ शांत झाल्याचे आहे. त्यासाठी वाचनक्रम मोडायची गरज नाही, प्रवेशाला ते म्हणता येते.

या लांब काळाचे तुकडे पाडले की तो आवाक्यात येतो. प्रत्येक तुकड्याला, साधारण पाच-सहा रविवारांना, एक प्रभुभोजनाचे गीत आणि एक समाप्तीगीत कायम ठेवा. बदलते फक्त दिवसाचे गीत. भातकापणीनंतर ऑक्टोबरात हंगामाचा सण. त्याची गीते बहुधा चांगली पाठ असतात, फार लिहिण्यासारखे नाही; एवढेच, अर्पण आणायला वेळ लागतो, तेव्हा सहा-सात मिनिटे पुरेल असे काहीतरी ठेवा.

धर्मसुधारणा दिन ३१ ऑक्टोबर, बहुतेक ठिकाणी त्याआधीच्या रविवारी पाळतात. 'आइन फेस्टे बुर्ग' किंवा त्याचे मराठी रूप त्या दिवशी म्हटले जाईलच. दोन गोष्टी सांभाळा. एक, चारही कडवी म्हणा. वेळ नाही म्हणून फक्त पहिले घेतले तर गीत संपते ते शत्रूच्या बळावर, पृथ्वीवर त्याच्या तोडीचा कोणी नाही, असे म्हणून. आपल्यासाठी लढणारा कोण आहे त्याचे नाव दुसऱ्या कडव्यात येते. दोन, चाल वरच्या षड्जावर सुरू होते आणि खालच्या षड्जापर्यंत उतरते. पेटीवाल्याने 'सा दे' म्हटल्यावर मधला सा दिला आणि लोकांनी तिथून सुरुवात केली, तर ओळ संपेपर्यंत सगळे तळाला गेलेले असतात. सा पांढरी एक किंवा पांढरी दोन ठेवा आणि सुरुवातीला वरचा सा वाजवून दाखवा. या गीताची मूळ लय आणि नंतरची सपाट चार मात्रांची लय अशा दोन्ही प्रचारात आहेत. सपाट लयीला केरवा बसतो. मूळ लयीला कुठलाही ठेका बसत नाही, लांबी-तोकडी सतत बदलते. तिथे ढोलकी लावायचा हट्ट केला की दुसऱ्या ओळीतच माणसे एकमेकांकडे बघायला लागतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सर्व संतांची आठवण, वर्षभरात गेलेल्यांची नावे आणि पुनरुत्थानाची गीते. हे 'दुःखाचे' गीत निवडायचे दिवस नव्हेत. ईस्टरच्या यादीतले एक इथे परत आणा. मग वर्षाचे शेवटचे रविवार न्यायाचे आणि प्रभूच्या परत येण्याचे. फिलिप निकोलाय हा जर्मनीतल्या उन्ना गावचा पाळक. प्लेगच्या दिवसांनंतर १५९९ला त्याची दोन मोठी गीते छापली गेली, एक दहा कुमारींच्या दाखल्यावर आणि दुसरे प्रभाततारा ख्रिस्तावर. पहिले वर्षअखेरीस, दुसरे प्रकटीकरणाला. दोन्हींच्या चाली लांब आणि वर चढणाऱ्या आहेत, एका रविवारी जमणार नाहीत. घ्यायचीच असतील तर सप्टेंबरपासून एकेक भाग शिकवा.

आता पट्टीबद्दल, कारण निम्मी गीते निवडीमुळे पडत नाहीत, पट्टीमुळे पडतात. मंडळीतल्या बायका पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या जरा खालपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत मोकळेपणी गातात, पुरुष एक सप्तक खाली. सकाळी आठला वरची हद्द अजून एक स्वर खाली समजा. गीतातला सर्वांत उंच स्वर शोधा, तो वरच्या पांढरी दोनवर बसेल अशी पट्टी धरा, आणि मग खालचा स्वर तपासा. 'फोम हिमेल होख'ची पहिली ओळ बघा: सां नि ध नि प ध नि सां. सगळी वरच्या अर्ध्यात. सा काळी चार धरला तर लहान मुले सोडून कोणी पहिली ओळसुद्धा पुरी करणार नाही. याची पंधरा कडवी आहेत आणि पहिली पाच देवदूताच्या तोंडची, तेव्हा ती संडेस्कूलच्या मुलांनी म्हणावीत आणि पुढे मोठ्यांनी जोड द्यावी. लूथरनेही ते मुलांसाठीच लिहिले होते.

भजने आणि अभंगांना पट्टीची अडचण कमी, पण अंतरा वर जातो तिथे बघा. एकटा गाणारा तार गंधारापर्यंत सहज जातो, मंडळी जात नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक मूळचे याच रत्नागिरी जिल्ह्यातले, १८६१चा जन्म. त्यांच्या पिढीने ख्रिस्ती आशय ओवी-अभंगात आणला म्हणून आपल्याकडे ही संपत्ती आहे. मोठ्या अभंगाचे ६-६-६-४ हे अक्षरांचे माप आणि पाश्चात्त्य चालीचे ८-७-८-७ हे माप एकमेकांत बसवायला जाऊ नका. भाषांतरित गीत निवडताना एक परीक्षा करा: ओळ ठेक्यावर म्हणा आणि समेवर कोणते अक्षर पडते ते ऐका. 'प्रभु', 'तारी', 'क्रूस' असे काही पडले तर ठीक. 'ला', 'चा', 'ने' अशी शेपटेच समेवर येत असतील, किंवा ऱ्हस्व अक्षर दोन मात्रा ताणावे लागत असेल, तर ते गीत कितीही चांगल्या अर्थाचे असले तरी मंडळीच्या तोंडी बसणार नाही. दुसरे भाषांतर शोधा, नाहीतर त्याच वचनावरचे मराठी पद घ्या.

मुलांच्या नव्या गाण्यांना नकार देऊ नका, त्यांना जागा द्या. प्रवेशाला आणि प्रभुभोजन चालू असताना ती चांगली चालतात. दिवसाच्या गीताची जागा मात्र त्यांना देण्यापूर्वी क्रियापदे मोजा: देवाने काय केले ते किती ओळींत, मी काय करतो आणि मला काय वाटते ते किती ओळींत. सगळाच दुसरा भाग असेल तर ते गीत दिवसाच्या वाचनाचे ओझे उचलू शकत नाही. हीच चाळणी 'उपासना संगीत'मधल्या गीतांनाही लावा. जुन्या पुस्तकात आहे एवढ्याने ते पास होत नाही, आणि वडीलधाऱ्यांना हे आधी दाखवले की मुलांशी बोलणे सोपे जाते. आणखी एक, पालुपद किती वेळा ते आधी ठरवा आणि बोटांनी खूण करा. 'मन भरेपर्यंत' म्हणण्यात पाळकांचा उपदेश कापला जातो.

वर्षाला नव्या चाली चार, फार तर सहा. प्रत्येक नवी चाल सलग तीन रविवार: पहिल्यांदा एकाने म्हणायची आणि मंडळीने फक्त पालुपद, दुसऱ्यांदा दोन कडवी सगळ्यांनी, तिसऱ्यांदा पूर्ण. मग महिनाभर सोडून परत. पन्नास माणसांची मंडळी अशा रीतीने साठ-सत्तर गीते जिवंत ठेवू शकते आणि सगळ्या काळांना तेवढी पुरतात.

यासाठी दोनशे पानी वही घ्या. आडव्या ओळीत तारीख, रंग, वाचने, स्तोत्र, दिवसाचे गीत, बाकीची गीते, पट्टी, ताल, आणि शेवटचा रकाना 'यापूर्वी कधी म्हटले'. तीन महिन्यांचे एकदम बसून करा, पाळक येतात त्या रविवारी उपासनेनंतर. पट्टीचा रकाना रिकामा ठेवू नका. पेटीवाला बदलला की त्याच रकान्यावर सगळे अवलंबून असते. कीबोर्डवर पट्टी बदलण्याचे बटण वापरत असाल तर गीत संपताच ते शून्यावर आणण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाची. आणि पेटी जुनी असेल तर तिचे स्वर कीबोर्डशी तंतोतंत जुळत नाहीत. कीबोर्डमध्ये सूर बारीक वर-खाली करण्याची सोय असते, पेटीला धरून तो एकदा लावून घ्या. ते जमत नसेल तर एका गीताला एकच वाद्य.

वाद्यांचे पावसाळ्यातले हाल वेगळे सांगायला नकोत. पेटीच्या पट्ट्या दमटपणाने फुगून अडकतात, आतले पितळी रीड हिरवे पडतात, ढोलकीची शाई भुसभुशीत होते. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नका. लाकडी कपाटात, खाली फळी, आत जुन्या पद्धतीचा २५-४० वॅटचा पिवळा बल्ब. एलईडीचा उपयोग नाही, त्याला ऊब नसते. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे भाता चालवा, नुसती बंद ठेवलेली पेटी वाजवलेल्या पेटीपेक्षा लवकर बिघडते. ढोलकीला जून ते सप्टेंबर फायबरची पुडी लावून घेतली तर निदान उपासनेच्या मध्यावर ती उतरत नाही. आवाज जरा पत्र्यासारखा येतो, पण छपरावर पाऊस असताना तो फरक कोणाला कळत नाही.

नव्या गीतांच्या झेरॉक्स काढण्यापूर्वी किंवा पडद्यावर दाखवण्यापूर्वी परवानगी विचारा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. टिळक १९१९ला गेले, त्यांची पदे मोकळी आहेत. लूथरचे मूळ गीत मोकळे असले तरी त्याचे अलीकडचे मराठी भाषांतर मोकळे असेलच असे नाही, तेव्हा वहीत गीताच्या नावापुढे भाषांतरकाराचे नावही लिहून ठेवा.